गाळ्यातले आकडे: छोट्या धंद्याला डेटाचा उपयोग नेमका कुठे होतो?

खतावणी | सोमवार, रात्री १०:१५

मुंबईतल्या छोट्या व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांना हिशेबाची सॉफ्टवेअर बसवून देणं, विस्कटलेली मार्गी लावणं हा माझा व्यवसाय. लोहार चाळ, नागदेवी, मस्जिद बंदर, मरोळ एमआयडीसी, वसईचे गाळे हा सगळा पट्टा नेहमीचा. या कामात एक गोष्ट कायम खटकते. त्यावर इथल्या धंदेवाल्यांशी बोलावं म्हणून धागा काढतोय. लांब झालाय, सवडीने वाचा.

छोट्या धंद्याकडे आज माहितीची चणचण राहिलेली नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि वहीवर चालणारी कितीतरी दुकानं कॉम्प्युटरवर बिलं करू लागली. यूपीआय २०१६चं. आता वडापावच्या गाडीपासून मंगळदास मार्केटच्या पेढीपर्यंत सगळीकडे क्यूआर चिकटवलेला असतो. विक्री, खरेदी, येणं, जमा, सगळं कुठे ना कुठे नोंदलेलं असतं. पण नवा माल मागवायची वेळ आली की शेठ दोनच गोष्टी बघतात: बँकेत शिल्लक किती आणि गोडाऊनमध्ये समोर काय दिसतंय. महिन्याचे आकडे २० तारखेपर्यंत रिटर्नमधून पोर्टलवर जातात. ज्याच्या घामाचे ते आकडे, तो पुन्हा त्यांच्याकडे बघतही नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

'बिझनेस इंटेलिजन्स' म्हटलं की विक्रेते रंगीत आलेखांचा डॅशबोर्ड उघडून दाखवतात. दहा-वीस माणसांच्या धंद्याला त्यातलं फार थोडं लागतं, असं माझं ठाम मत आहे. कोणत्या मालात पैसा अडकून पडलाय? कोणती पार्टी उशिरा देते, आणि तो उशीर वाढत चाललाय का? सगळा खर्च वजा जाता कोणत्या मालावर खरंच काही सुटतं? एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं दर आठवड्याला खरी मिळाली, तरी खरेदीची पद्धत बदलते. अडचण आहे ती 'खरी' या शब्दापाशी.

लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिकल होलसेलरकडचं उदाहरण देतो. ३२ अँपिअरची सिंगल पोल एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप बंद पडणारा स्विच), एकाच कंपनीची. सॉफ्टवेअरमध्ये ती चार नावांनी बसलेली: 'एमसीबी ३२ सिंगल', 'एसपी ३२ए', '३२ अँप एमसीबी एसपी', आणि एक नुसतंच 'एमसीबी ३२'. सकाळी काउंटरवरचा मुलगा एका नावाने बिल करी, संध्याकाळी येणारा अकाउंटंट खरेदीची नोंद दुसऱ्या नावाने करी. त्यामुळे एका नावाखाली साठा उणे दिसे आणि दुसऱ्याखाली भरमसाट. शेठचा कॉम्प्युटरवरचा विश्वास उडाला होता, आणि ते स्वाभाविकही होतं. माळ्यावर खोकी पडलेली असताना तोच माल परत मागवला जात होता. आम्ही आधी रिपोर्टला हातच लावला नाही. जास्त खपणारा माल प्रत्यक्ष मोजला, प्रत्येकाचं एकच नाव ठरवलं (आधी कंपनी, मग वस्तू, मग अँपिअर, मग पोल), शिल्लक त्या नावाखाली आणली आणि नवीन नाव उघडायचा हक्क एकाच माणसाकडे ठेवला. त्यानंतर जो स्टॉक रिपोर्ट आला, तो शेठनी स्वतः प्रिंट काढून गल्ल्याशेजारी लावला.

येण्याचंही तेच. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीची थकबाकी किती दिवसांची आहे ते एका बटणावर दिसतं. त्यासाठी त्या पार्टीच्या खात्यात बिलनिहाय नोंद चालू असावी लागते, आणि जमा झालेली रक्कम कोणत्या बिलापोटी आली ते लिहावं लागतं. बहुतेक ठिकाणी सगळ्या पावत्या 'ऑन अकाउंट' टाकून मोकळे होतात. मग पार्टीकडून एकूण किती येणं आहे ते कळतं, पण ते ३० दिवसांचं की १३० दिवसांचं हे कळायला मार्ग उरत नाही.

हा मुद्दा आपल्याच भागात फार नेटकेपणाने तपासला गेलाय. २००८ ते २०१०च्या सुमारास स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड विणणाऱ्या कारखान्यांत प्रयोग केला. काही कारखान्यांना महिनोन्‌महिने फुकट सल्लागार दिले. सल्ला अगदी साधा: माग का थांबला ते लिहा, कापडातले दोष प्रकारवार नोंदवा, सुताचा साठा मोजून मांडून ठेवा, आणि हे आकडे रोज एकत्र बसून बघा. पहिल्या वर्षात त्या कारखान्यांची उत्पादकता इतरांच्या तुलनेत १७ टक्क्यांनी वाढली. दोषांची नोंद काही ठिकाणी आधीही होत होती, पण ती उघडून बघायची पद्धत नव्हती.

तुमच्याकडे काय चित्र आहे? काय चालतं, कुठे अडतं, मोकळेपणाने लिहा.

मिरचीगल्ली | सोमवार, रात्री ११:०२

छान धागा, दादा. आमचं लालबागला मसाल्याचं दुकान, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. वर्षाचा निम्म्याहून जास्त धंदा मार्च ते मे. त्या तीन महिन्यांत जेवायला फुरसत नसते, तिथे नोंदी कोण करणार?

मी मोबाइलवरचं एक बिलिंग अॅप वापरून बघितलं. बिलं व्यवस्थित होतात, पण नफा जो दाखवतं तो मला पटत नाही. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी प्रत्येकीचा खरेदीचा भाव वेगळा, तोही आठवड्याला बदलतो. मग देठं काढायची, उन्हात घालायची, भाजायची, डंकावर कुटायची. दहा किलो घेतलेली मिरची दहा किलो राहत नाही. अॅपला हे सांगायचं कसं?

खतावणी | सोमवार, रात्री ११:३०

मिरचीगल्ली ताई, तुमची शंका बरोबर आहे. ती अॅप्स 'घ्या आणि विका' दुकानांसाठी बनलेली असतात. तुमच्याकडे मधे प्रक्रिया आहे, त्यामुळे घट धरल्याशिवाय नफा चुकीचाच येणार.

समजा १० किलो मिरची ३०० रुपये किलोने घेतली, म्हणजे ३,००० रुपये. देठं, वाळवण, कुटणं सगळं होऊन ८.५ किलो हातात आली. मग तुमचा भाव ३०० राहिला नाही, तो ३५३ झाला. त्यावर डंकाची मजुरी, देठं काढणाऱ्या बायकांची मजुरी, पिशवी. अॅप मात्र ३००च धरून बसलंय. एका किलोमागे ५३ रुपयांचा नफा कागदावर दिसतो, जो गल्ल्यात कधी येतच नाही.

अॅप सोडू नका, बिलांपुरतं राहू दे. घटीसाठी गुगल शीटवर एक साधं पान करा: तारीख, जात, घेतलेलं वजन, भाव, कुटल्यानंतरचं वजन, मजुरी. प्रत्येक बिलाला नाही, प्रत्येक घाण्याला एक ओळ. हंगामातसुद्धा दिवसाला मोजक्या ओळी होतील.

सीए_गिरगाव | मंगळवार, सकाळी ८:४०

मूळ धाग्यातल्या एका वाक्याशी थोडा मतभेद आहे. 'सगळं नोंदलेलं असतं' हे अर्धंच खरं आहे. जीएसटीआर-१मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, बिलं कराच्या दरानुसार जातात आणि मालाचा तपशील एचएसएन कोडच्या (मालाच्या वर्गाचा ठरलेला क्रमांक) गोषवाऱ्यापुरता असतो. त्या कोडखाली तुमच्या एमसीबीच्या पंचवीस जाती एकाच आकड्यात विरघळतात. यूपीआयचं स्टेटमेंट पैसे कधी आले ते सांगतं, कशाचे आले ते सांगत नाही. साध्या चिकटवलेल्या क्यूआरला बिल नंबर माहीतच नसतो.

मालवार तपशील ई-इनव्हॉइसमध्ये असतो. १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना तो सक्तीचा आहे. तिथे ओळीओळीने माल, नग, भाव सगळं ठरावीक साच्यात जातं. पण वस्तूचं वर्णन जसं तुम्ही लिहाल तसंच जातं, म्हणजे चार नावांची अडचण तिथेही तुमच्यासोबत येते.

माझे अशील एका कागदाकडे दुर्लक्ष करतात त्याची मला खंत आहे. तो म्हणजे जीएसटीआर-२बी. दर महिन्याच्या १४ तारखेला येतो. कोणत्या पुरवठादाराने तुमचं बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि कोणी नाही, हे त्यात दिसतं. आम्ही तो करक्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळवायला वापरतो. पण वर्षभराचे शेजारी शेजारी ठेवून बघा, कोणता पुरवठादार सातत्याने रिटर्न उशिरा भरतो ते लगेच दिसेल. अशा माणसाला मोठा आगाऊ चेक देण्याआधी मी तरी दोनदा विचार करीन. हा डेटा फुकट आणि तयार आहे.

आणि एक कळकळीची गोष्ट. ज्यांची काही विक्री कच्च्या बिलावर होते, त्यांनी कुठलंही सॉफ्टवेअर आणलं तरी मार्जिन, साठा, येणं यातलं काहीच खरं निघणार नाही. खरेदी पुस्तकात आणि विक्री पुस्तकाबाहेर असेल तर साठा नुसता फुगत जातो. कायद्याची जोखीम वेगळी, पण मालकाला स्वतःचाच धंदा दिसेनासा होतो ही जोखीम मला जास्त मोठी वाटते.

वालीव_गाळा | मंगळवार, दुपारी १:२०

वसई पूर्वेला आमचं प्लास्टिक मोल्डिंग आहे. तारापूरच्या प्रयोगाबद्दल मी पूर्वी वाचलं होतं. एक गोष्ट ध्यानात घ्या: त्या कारखान्यांत सरासरी पावणेतीनशेच्या आसपास माणसं होती. आमच्या गाळ्यात दोन पाळ्या मिळून त्याचा विसावा हिस्साही नाही. सल्लागारही फुकट होते. तरीही त्यातली 'मशीन का थांबलं ते लिहा' ही एक गोष्ट मी उचलली, आणि ती लहान जागेतही लागू पडते.

आमच्या मशीनशेजारी पांढरा बोर्ड आहे. थांबल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, कारण. कारणं पाचच ठरवली: साचा बदल, दाणा संपला, हीटर, लाईट, माणूस नाही. पहिल्यांदा मी कारण मोकळं लिहायला सांगितलं होतं तर सगळीकडे 'मशीन प्रॉब्लेम' यायचं. पाच शब्द ठरवल्यावर ऑपरेटर बिनचूक लिहायला लागले. पाळी संपली की सुपरवायझर बोर्डाचा फोटो ग्रुपवर टाकतो, आणि माझा भाचा तो रात्री शीटमध्ये भरतो.

माझी पक्की समजूत होती की आमचा वेळ लाईट आणि हीटर खातात. त्यासाठी जनरेटरचं कोटेशनही मागवलं होतं. बोर्डावरून दिसलं की सगळ्यात जास्त तास साचा बदलण्यात जातात, कारण एकाच दिवसात दोन-तीन पार्ट्यांचा थोडा थोडा माल काढायची आमची सवय. आता एका साच्याच्या ऑर्डरी शक्यतो सलग लावतो. जनरेटर घेतला नाही.

सीए साहेब, आयकराच्या ४३बी (एच) कलमाबद्दल दोन शब्द लिहाल का? आमच्या मोठ्या पार्ट्या त्या नियमानंतर जरा वेळेवर द्यायला लागल्यात.

सीए_गिरगाव | मंगळवार, दुपारी ३:०५

थोडक्यात सांगतो. आयकरातली ही तरतूद कर आकारणी वर्ष २०२४-२५पासून आली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च देणाऱ्याला वजावट म्हणून मिळतो तो प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. तुम्ही उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, म्हणून तुम्हाला फायदा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती, त्यामुळे लोहार चाळीतल्या होलसेलरला या नियमाचा आधार नाही.

इथेच बिलनिहाय नोंदीची किंमत कळते. ४५ दिवस कोणत्या बिलाचे उलटले हे दाखवता आलं तरच पार्टीच्या अकाउंट्स विभागाला ठामपणे सांगता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा, आणि दर सोमवारी ३५ दिवस ओलांडलेल्या बिलांची यादी पाठवत जा.

कोडवाला_ठाणे | मंगळवार, रात्री ९:५०

मी आयटीतला आहे, धंदेवाला नाही. पण हे सगळं हाताने करायची आता गरज आहे का? आकड्यांचे आलेख काढायला पॉवर बीआय आहे, गुगलचा लुकर स्टुडिओ फुकट आहे. एआयला एक्सेल दिली की तोच सांगतो काय विकावं, काय थांबवावं. चार नावांची एमसीबी तो चुटकीसरशी एकत्र करील. बोर्डाचा फोटोही वाचील. सल्लागाराचा खर्चही वाचेल.

खतावणी | मंगळवार, रात्री १०:३५

नावं जुळवायला आणि फोटो वाचायला एआयची मदत होते, मीही घेतो. तिथे तुमच्याशी सहमत. पण जुळवलेली यादी काउंटरवरच्या माणसाच्या नजरेखालून जाऊ द्यावी लागते, कारण 'सी कर्व्ह' आणि 'बी कर्व्ह' एमसीबीची किंमत आणि गिऱ्हाईक दोन्ही वेगळं असतं, आणि बिलावर ते अक्षर अनेकदा लिहिलेलंच नसतं.

'काय विकावं ते तो सांगतो' याबद्दल मात्र सावध राहा. केनियात छोट्या उद्योजकांना व्हॉट्सअॅपवर एआय सल्लागार देऊन प्रयोग झाला. सरासरी काढली तर फरक जवळपास शून्य. ज्यांचा धंदा आधीपासून बरा चालला होता त्यांची कामगिरी सुधारली, आणि ज्यांचा आधीच अडखळत होता त्यांची घसरली. सल्ला दोघांनाही मिळत होता. आपल्या परिस्थितीला त्यातलं काय लागू पडतं हे ओळखायला स्वतःचे आकडे हाताशी असावे लागतात, असा मी त्याचा अर्थ लावतो.

दुसरा प्रयोग डॉमिनिकन रिपब्लिकमधला. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला साधे ठोकताळे दिले: घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या ठिकाणी ठेवा, अशा धर्तीचे. हिशेब ठेवण्यात सुधारणा दिसली ती ठोकताळेवाल्या गटात. रीतसर शिकलेल्यांत फारसा बदल झाला नाही. आपल्याकडे कितीतरी दुकानात घरचं दूध, भाजी, मुलांची फी एकाच गल्ल्यातून जाते. तो गल्ला वेगळा होईपर्यंत लुकर स्टुडिओतला नफ्याचा आलेख मी कुणालाही दाखवणार नाही.

वालीव_गाळा | मंगळवार, रात्री १०:५२

आणि तारापूरचंच पुढचं सांगायचं राहिलं. तेच संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत त्या कारखान्यांत गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. प्लांट मॅनेजर बदलला, मालकाला वेळ मिळेना, ही मुख्य कारणं. तरी प्रयोगात नसलेल्या कारखान्यांपेक्षा ते पुढेच होते. आमच्याकडे सुपरवायझर गावी गेला की बोर्ड कोरा राहतो, त्यामुळे ही भीती मला रोजची आहे.

जुनी_वही | बुधवार, सकाळी ७:१५

दादरला आमचं भांड्यांचं दुकान. वय झालं, पण मोबाइल वापरतो. तुम्ही मंडळी चांगलं लिहिता. माझी अडचण वेगळी आहे.

उधारीच्या नोंदीसाठी मुलाने एक अॅप घातलं. थोड्याच दिवसांत कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू झाले. कुठून नंबर मिळाला सांगत नाहीत, पण दुकानाची उलाढाल साधारण किती हे त्यांना ठाऊक. माझ्या वडिलांची वही लाल कापडात बांधलेली असे, मुनीम सोडून कुणी हात लावत नसे. गिऱ्हाइकाची उधारी ही त्याची अब्रू असते. ती मी कुणा परक्या कंपनीच्या हवाली का करावी?

सीए_गिरगाव | बुधवार, सकाळी ९:३०

काका, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे. कोणतंही फुकट अॅप घालताना ते संपर्क, एसएमएस वाचायची परवानगी मागतं का ते बघायचं. बँकेचे एसएमएस वाचले की उलाढालीचा अंदाज येतोच. उधारीच्या नोंदीला एसएमएस वाचायची काही गरज नसते. मुलाला सांगून मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्या परवानग्या काढून टाका.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ला झाला. त्याचा पाया संमती हा आहे: कशासाठी माहिती घेतोय ते सांगून घ्यायची, आणि दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे.

कर्ज खरंच हवं असेल तेव्हा माहिती द्यायचा सरळ मार्ग म्हणजे अकाउंट अॅग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली चालतो, सप्टेंबर २०२१पासून बँका त्यावर आल्या, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये जीएसटी नेटवर्कचाही त्यात समावेश झाला. कोणती माहिती, कुणाला, किती काळासाठी, हे तुम्ही ठरवता. मधला अॅग्रिगेटर ती माहिती फक्त पोहोचवतो, स्वतः वाचू शकत नाही. स्टेटमेंटच्या पीडीएफ एजंटला व्हॉट्सअॅपवर पाठवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

जुनी_वही | बुधवार, सकाळी १०:०५

आभारी आहे. परवानग्या आजच बघायला सांगतो.

नोंदवाली | बुधवार, दुपारी ४:१०

बराच वेळ नुसती वाचत होते. एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते.

आमचं घरचं कापडाचं दुकान, दिरांच्या नावावर. नोंदी मी करते. दुपारी घरचं आवरलं की खरेदीची बिलं भरते, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेता घेता विक्रीची. पगार वगैरे काही नाही, घरचंच काम. बिलं पिशवीत कोंबून येतात, कित्येक चुरगळलेली, काहींवर भावच नाही. दुकानात फोन करून विचारलं तर 'अंदाजाने टाक' म्हणतात. मी अंदाजाने टाकत नाही, पण संध्याकाळच्या गर्दीत दहा वेळा फोन करणंही बरं दिसत नाही.

वर तुम्ही सगळे 'मालकाने रिपोर्ट बघावा' म्हणताय. जी व्यक्ती नोंद करते तिला तो रिपोर्ट कधी दाखवला जातो का? दिवाळीला कोणते ड्रेस मटेरियल पडून राहिले हे मला दुकानात पाय न ठेवता माहीत होतं, कारण त्यांची खरेदी मी भरली होती आणि विक्री भरल्याचं आठवत नव्हतं. यंदा त्याच व्यापाऱ्याकडून परत तसाच माल आला. बिल हातात आल्यावर मला कळलं. आधी कळलं असतं तर मी सांगितलं असतं.

मिरचीगल्ली | बुधवार, संध्याकाळी ५:००

नोंदवाली ताई, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडे नोंदही मी करते आणि खरेदीलाही मीच जाते, म्हणून निभावतं. तुमच्या दिरांना ही पोस्ट वाचायला द्या.

खतावणी | बुधवार, रात्री ९:२०

नोंदवाली, तुमच्या पोस्टने माझ्या मांडणीतली मोठी पोकळी भरून निघाली. मी इतका वेळ नावं, बिलं, घट याबद्दल लिहितोय, पण नोंद करणाऱ्याला खरेदीच्या निर्णयात जागा नसेल तर नोंद चांगली राहण्याचं काही कारणच उरत नाही. मुंबईतल्या शेकडो दुकानांत हे काम घरातल्या बायका करतात किंवा रात्री आठनंतर तीन-चार दुकानं फिरणारा अर्धवेळ अकाउंटंट करतो. दोघांनाही खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही.

तुमच्यासाठी एक करण्यासारखं आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा 'स्टॉक एजिंग'चा रिपोर्ट असतो. ९० दिवसांहून जास्त पडून असलेला माल, व्यापाऱ्याच्या नावानुसार, रकमेसकट काढा. नग दाखवू नका, रक्कम दाखवा. 'चाळीस पीस पडलेत' यापेक्षा 'या व्यापाऱ्याच्या मालात आपले इतके हजार अडकलेत' याला दुकानात वजन असतं. खरेदीला निघायच्या आदल्या रात्री तो कागद दिरांच्या हातात द्या. आणि भाव नसलेलं बिल भरायचं नाही, बाजूच्या पाकिटात ठेवायचं, सकाळी दुकानात परत पाठवायचं. फोनची गरज पडणार नाही.

नोंदवाली | बुधवार, रात्री ९:४५

पाकिटाचं उद्यापासूनच करते. एजिंग काढून बघितलं आत्ता. व्यापाऱ्यानुसार येत नाहीये, कारण मालाच्या नावात व्यापारी कुठेच नाही. गट पाडावे लागतील का?

खतावणी | बुधवार, रात्री ९:५५

हो, स्टॉक ग्रुप व्यापाऱ्याच्या नावाने उघडा. जुना सगळा माल बदलत बसू नका. ९० दिवसांच्या वरचा तेवढा आधी गटात टाका, नवीन येईल तो थेट गटात. एखादा माल दोन व्यापाऱ्यांकडून येत असेल तर त्याला जो मुख्य आहे त्याच्या गटात ठेवा.

जुनी_वही | बुधवार, रात्री १०:३०

आमच्याकडे भांडी वजनावरही विकतात आणि नगावरही. पितळ, तांबं वजनावर, स्टील नगावर, कुकर कंपनीच्या छापील भावावर. पातेल्यांचे आकार तर मोजताच येणार नाहीत इतके. माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करावी?

खतावणी | बुधवार, रात्री ११:००

काका, पातेल्यांपासून अजिबात नाही. आधी कुकर, मिक्सर, गॅसच्या शेगड्या, म्हणजे ज्यांना कंपनीचा मॉडेल नंबर आहे तेवढंच घ्या. नावाचा घोळ होत नाही, किंमत जास्त असल्याने पैसाही तिथेच जास्त अडकतो. ते महिनाभर नीट जमलं की पितळ-तांबं किलोवर, प्रत्येक धातूचा एकच हिशेब: किती किलो आलं, किती किलो गेलं. भांड्यांचे प्रकार नकोत. स्टीलची पातेली सगळ्यात शेवटी, आणि आकारानुसार न करता खरेदीच्या लॉटनुसार.

सुरुवातीचा साठा मात्र दुकान बंद असताना, दोन माणसांनी मिळून मोजायचा: एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं.

सीए_गिरगाव | गुरुवार, सकाळी ८:१०

काका, मोजणीला ३१ मार्चचा मुहूर्त धरा. वर्षअखेरीचा साठा ताळेबंदासाठी लागतोच. मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या आणि पितळ-तांब्याचं वजन दुकानातल्या काट्यावर न करता शक्य असेल तर एकदा धर्मकाट्यावर करून घ्या. वापरातला काटा वजनमापे खात्याकडून कधी तपासला होता तेही बघा, शिक्का जुना असेल तर आधी तो करून घ्या.

जुनी_वही | गुरुवार, सकाळी ८:४०

काट्याचा शिक्का गेल्या पाडव्यानंतरचा आहे, चालेल. मुलगा आणि सून दोघं मोजायला तयार आहेत. नोंदवाली ताईंची पोस्ट सुनेला वाचून दाखवली. ती म्हणते लिहायचं काम तिचं, पण पुढच्या खरेदीला भांडी गल्लीत ती सोबत येणार.